मार्कर एरर अर्धा सेंटिमीटर, तरी मॉडेल चुकतंय: एमआरआय काढण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: गुडघेदुखी असलेल्या एका महिलेचं, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, ओपनसिममध्ये, म्हणजे हाडं-स्नायूंच्या हालचालीचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, स्वतंत्र मॉडेल बनवलंय. मूळ राजगोपाल मॉडेल (प्रौढ पुरुषाच्या मापाचं तयार मॉडेल) उंचीच्या प्रमाणात लहान केलं, कातडीवर चिकटवून कॅमेऱ्याने टिपलेले मार्कर जुळवले आणि सरासरी एरर अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आला. तरी नुसतं उभं राहिल्यावर खुबा १५ अंश वाकलेला दिसतो, आणि चालताना गुडघ्याचा रिझर्व्ह अ‍ॅक्च्युएटर (स्नायू कमी पडले की उरलेला जोर भरणारी मॉडेलमधली कृत्रिम मोटर) ४० न्यूटन-मीटरपर्यंत जातो. मग स्नायूंची ताकद वाढवायची, की एमआरआय काढून हाडंच त्यांची घालायची?

आत्ता तरी दोन्ही नको. लक्षणं दोन आहेत आणि त्यांचं मूळ बहुधा एक नाही. वाकलेला खुबा हा मोजमापाचा प्रश्न वाटतो, आणि ४० न्यूटन-मीटरचा रिझर्व्ह हा सेटिंगचा किंवा फोर्स प्लेटचा, म्हणजे पावलाखालचं बल मोजणाऱ्या पाटाचा. एमआरआयने दुसरं सुटणार नाही, आणि पहिलं त्यापेक्षा खूप स्वस्तात सुटतं.

आधी त्या अर्ध्या सेंटिमीटरबद्दल, कारण सगळ्या गैरसमजाचं मूळ तिथे आहे. स्केल टूल, म्हणजे मॉडेल व्यक्तीच्या मापात बसवणारं ओपनसिममधलं साधन, तीन गोष्टी ओळीने करतं. प्रथम सेगमेंटची, म्हणजे मांडी, नडगी अशा प्रत्येक भागाची, लांबी-रुंदी बदलतं. मग उभ्या स्थितीत टिपलेल्या मार्करांवर मॉडेल बसवतं. शेवटी, जे मार्कर तुम्ही 'फिक्स्ड' ठेवलेले नाहीत ते मॉडेलवरून उचलून मोजलेल्या जागी नेऊन चिकटवतं. या तिसऱ्या पायरीनंतर त्याच उभ्या स्थितीवर एरर काढला तर तो कमी येणारच. कपडा बसत नाही म्हणून मोजपट्टीच कापून घेतल्यासारखं आहे ते. खरा आकडा दुसऱ्या पायरीचा असतो आणि तो लॉगमध्ये छापलेला असतो. हाडावरच्या मार्करांसाठी तिथे सरासरी १ सेंटिमीटरच्या आत आणि सर्वांत मोठा एरर २ सेंटिमीटरच्या आत असावा. चालण्याच्या इन्व्हर्स किनेमॅटिक्समध्ये (मार्करांवरून सांध्यांचे कोन काढण्याच्या पायरीत) सरासरी २ च्या आत आणि एखादा मार्कर ४ पर्यंत गेला तरी चालतं, कारण कातडी हाडावर सरकतेच.

तिसऱ्या पायरीचा दुसरा तोटा जास्त वाईट. उभ्या स्थितीत पेल्व्हिसचा, म्हणजे कमरेच्या हाडाचा, झुकाव चुकीचा धरला गेला असेल तर मार्कर त्या चुकीच्या झुकावाला धरूनच चिकटतात. पुढे प्रत्येक पावलात तीच चूक कायमची शिजून बसते आणि एरर मात्र सुंदर दिसतो.

पेल्व्हिसचा झुकाव इतका का बिघडतो, हे जरा जवळून बघू. पुढे कमरेच्या हाडाची दोन टोकं, एएसआयएस, आणि मागे दोन खळग्यांजवळची पीएसआयएस. या चार मार्करांवरून झुकाव ठरतो. पुढच्या आणि मागच्या मार्करांमधलं अंतर धरा १५ सेंटिमीटर. मागचा मार्कर १ सेंटिमीटर वर-खाली लागला की झुकाव जवळपास ४ अंशांनी बदलतो. २ सेंटिमीटर चुकला की साडेसात अंशांनी. मांडी तर जागची हलत नाही, त्यामुळे पेल्व्हिसमध्ये आलेले हे अंश तसेच्या तसे खुब्याच्या कोनात उतरतात. तुमचे १५ अंश अशा दोन चुका एका दिशेने मिळाल्या तर सहज भरतात. शिवाय मॉडेलमधला शून्य झुकाव आणि एएसआयएस-पीएसआयएस रेषेचा झुकाव ही एकच गोष्ट नाही. लॅबच्या सॉफ्टवेअरमधला आकडा आणि ओपनसिममधला आकडा शेजारी ठेवून 'फरक आला' म्हणण्याआधी दोन्हींची व्याख्या तपासा. १५ पैकी काही अंश नुसते व्याख्येतलेही असू शकतात.

आता खुब्याचं केंद्र. माझ्या मते मोजमापांवरून बनवलेल्या मॉडेलमध्ये सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा. हे केंद्र बाहेरून हाताला लागत नाही, अंदाजच करावा लागतो. हॅरिंग्टन यांची २००७ ची समीकरणं एमआरआयवर आधारलेली आहेत आणि वापरायला सोपी आहेत. दोन्ही एएसआयएसच्या मध्यबिंदूपासून मिलिमीटरमध्ये मोजायचं: मागे ०.२४ गुणिले पेल्व्हिसची खोली अधिक ९.९; खाली ०.३० गुणिले रुंदी अधिक १०.९, बाजूला ०.३३ गुणिले रुंदी अधिक ७.३. रुंदी २४० आणि खोली १५० धरली तर केंद्र ४५.९ मागे, ८२.९ खाली आणि ८६.५ बाजूला येतं.

यात पोट आडवं येतं. ७१ किलो आणि १५८ सेंटिमीटर म्हणजे एएसआयएसवर चरबीचा थर असण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि मार्कर हाडावर नाही, चरबीवर बसतो. समजा तो ३ सेंटिमीटर पुढे राहिला. आता खोली १५० ऐवजी १८० मोजली जाते, समीकरण म्हणतं ५३.१ मागे जा, पण सुरुवातीचा बिंदूच ३० मिलिमीटर पुढे आहे. हिशेब केला तर केंद्र खऱ्या जागेपेक्षा जवळजवळ २३ मिलिमीटर पुढे पडतं. एका पायावर ७०० न्यूटन असताना २३ मिलिमीटर म्हणजे खुब्यावर १६ न्यूटन-मीटरची चूक. स्नायू मग ती भरून काढायला धावतात आणि आपण स्नायूंना दोष देतो.

उपाय साधा आहे. एएसआयएस बोटाने दाबून हाड लागेपर्यंत शोधा, रुंदी आणि खोली मोठ्या कॅलिपरने चरबी दाबून मोजा, आणि समीकरणात हे आकडे घाला, मार्करांमधलं अंतर नाही. एएसआयएसचा मार्कर हाडापासून किती मिलिमीटर पुढे आहे तेही लिहून ठेवा आणि मॉडेलवरचा मार्कर तेवढा पुढे सरकवा. इलियाक क्रेस्टवर, म्हणजे पेल्व्हिसच्या वरच्या कडेवर, दोन जास्तीचे मार्कर लावले तर चालताना पोट हललं तरी पेल्व्हिस सांभाळता येतं. मोजमाप दोघांनी वेगवेगळं घ्या. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा. टेप पोटावरून वळवून घेतलेली रुंदी इथे काही कामाची नाही.

पाय पुढे-मागे, बाजूला आणि गोल फिरवून केंद्र काढण्याची कार्यात्मक पद्धत हालचाल चांगली मोठी असेल तरच भरवशाची. गुडघा किंवा खुबा दुखणाऱ्या व्यक्तीला तेवढी हालचाल जमतेच असं नाही, आणि अर्धवट हालचालीतून आलेलं केंद्र समीकरणापेक्षा वाईट असू शकतं. जमत असेल तर दोन्ही काढा. दीड-दोन सेंटिमीटरचा फरक आला तर एएसआयएसकडे परत जा.

केंद्र मिळालं की ते मार्कर फाइलमध्ये आभासी मार्कर म्हणून घाला आणि मॉडेलच्या पेल्व्हिसवरही खुब्याच्या जागी तसाच एक ठेवा. गुडघ्याचं केंद्र म्हणजे आतल्या-बाहेरच्या उंचवट्यांचा मध्य, घोट्याचंही तसंच. मांडीची लांबी या केंद्रांमधूनच मोजा, ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्याच्या) मार्करवरून नको. मॉडेलमध्ये ४० सेंटिमीटर आणि तुमच्याकडे ३७.२ असेल तर गुणक ०.९३. पेल्व्हिसची बाजूची दिशा दोन खुब्यांच्या केंद्रांमधल्या अंतरावरून स्केल करा, एएसआयएसच्या अंतरावरून नाही. पडद्यावरचं हाड थोडं विचित्र दिसेल, दिसू द्या. बल तिथून वाहतं जिथे केंद्र आहे.

उंचीवरून सगळं एकदम स्केल करणं का नको, तेही यातच आलं. १५८ भागिले १७० म्हणजे सगळीकडे ०.९३. पण मूळ मॉडेल पुरुषाचं आहे. मॉडेलमधली पेल्व्हिसची रुंदी २५ धरली आणि खरी २४ असली तर तिथला गुणक ०.९६ हवा होता; ०.९३ ने ती २३.२ झाली. पाय लांबीला बरोबर आणि पेल्व्हिस अरुंद, अशी आकृती तयार होते, आणि ती चूक थेट गुडघ्याच्या बाजूच्या मोमेंटमध्ये (सांधा फिरवू पाहणाऱ्या जोरात) उतरते. गुडघेदुखीत नेमकं तेच बघायचं असतं.

गुडघ्याच्या मार्करांबद्दल एकच गोष्ट. गुडघ्याची रुंदी साधारण १० सेंटिमीटर. बाहेरचा मार्कर १ सेंटिमीटर मागे लागला की अक्ष जवळपास ६ अंश फिरतो. ज्या मॉडेलमध्ये गुडघा फक्त वाकतो, तिथे ही चूक गुडघ्यात दिसत नाही. ती खुब्याच्या फिरण्यात जाऊन लपते. खुबा विनाकारण आत किंवा बाहेर फिरलेला दिसला तर आधी गुडघ्याकडे बघा.

वस्तुमानावर फार वेळ घालवू नका. दे लेव्हा यांच्या १९९६ च्या तक्त्यात मांडी पुरुषांत शरीराच्या १४.१६ टक्के आणि स्त्रियांत १४.७८. ७१ किलोवर हा फरक अर्ध्या किलोपेक्षा कमी. एकूण वजन बरोबर द्या आणि पुढे जा. एक खबरदारी मात्र घ्या: डेंप्स्टरच्या जुन्या आकड्यांवरून आलेल्या तक्त्यात मांडी १० टक्के दिसते. ती चूक नाही. मांडी कुठे संपते आणि धड कुठे सुरू होतं याची रेषाच तिथे वेगळी आहे. मांडी एका तक्त्यातून आणि धड दुसऱ्यातून घेतलं की बेरीज शंभर होत नाही.

आता ४० न्यूटन-मीटरचा रिझर्व्ह. सर्वांत आधी रिझर्व्ह फाइल उघडून 'ऑप्टिमल फोर्स', म्हणजे नियंत्रण १ असताना मिळणारा जोर, किती आहे ते बघा. स्टॅटिक ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोणत्या स्नायूने किती जोर लावला हे ठरवणारं गणित, सक्रियतेच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करतं. ऑप्टिमल फोर्स १०० असेल तर ४० न्यूटन-मीटरसाठी लागणारं नियंत्रण ०.४, आणि त्याची 'किंमत' ०.१६. इतका स्वस्त मजूर मिळत असेल तर गणित स्नायूंना कशाला कामाला लावेल? ऑप्टिमल फोर्स १ ठेवा आणि मर्यादा मोकळ्या सोडा. मग त्याच ४० साठी किंमत १६०० होते आणि रिझर्व्ह फक्त नाइलाजाने वापरला जातो. या एका बदलाने रिझर्व्ह खाली आला तर प्रकरण मिटलं. सांध्याच्या कमाल मोमेंटच्या १० टक्क्यांच्या आत रिझर्व्ह असेल तर सामान्यतः चालतं.

नाही उतरला तर फोर्स प्लेट. बल योग्य पायाला लावलंय का, पाऊल पूर्ण प्लेटवर पडलंय का, दोन प्लेटच्या मध्ये तर पडलं नाही ना, मार्कर आणि बल एकाच वेळी सुरू होतात का, आणि दोन्ही एकाच कटऑफने (ज्या वारंवारितेवरची थरथर काढून टाकतात त्या मर्यादेने) गाळलेत का; चालण्यासाठी ६ हर्ट्‌झ हा नेहमीचा आकडा. दाबकेंद्र, म्हणजे प्लेटवर बल जिथे पडतं तो बिंदू, १ सेंटिमीटर सरकलं की ७०० न्यूटनवर ७ न्यूटन-मीटर गेले. या महिलेसाठी गुडघ्याला आत ढकलणारा मोमेंट वजन गुणिले उंचीच्या ३ टक्के धरला तर ३३ न्यूटन-मीटर येतो. म्हणजे एका सेंटिमीटरने त्याचा पाचवा हिस्सा खाल्ला. पेल्व्हिसवरचे रेसिड्युअलही (गणित जुळवायला बाहेरून लावावे लागणारे उरलेले जोर) बघा. बलाचे रेसिड्युअल जमिनीच्या कमाल बलाच्या ५ टक्क्यांच्या वर असतील तर गती आणि बल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि स्नायूंच्या आकड्यांकडे बघण्यात अर्थ नाही.

इतकं करूनही काही स्नायू सक्रियता १ वर अडकलेत आणि रिझर्व्ह तसाच असेल, तरच स्नायूंकडे वळा. तिथेही ताकद सगळीकडे दीडपट करणं हा शेवटचा उपाय. आधी लांबी. पोटरीतल्या सोलियसचं उदाहरण घ्या: जुन्या गेट २३९२ मॉडेलमध्ये त्याच्या तंतूची इष्ट लांबी ५ सेंटिमीटर आणि टेंडनची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची) सैल लांबी २५. टेंडनमध्ये फक्त ३ टक्के चूक झाली तरी ती साडेसात मिलिमीटर, म्हणजे तंतूच्या लांबीच्या १५ टक्के. तंतू आपल्या चांगल्या पट्ट्यातून बाहेर पडतो आणि ताकद असूनही बल देऊ शकत नाही. स्केल टूल तंतू आणि टेंडन यांचं गुणोत्तर राखतं, पण सांध्याच्या प्रत्येक कोनात तंतूची सापेक्ष लांबी मूळ मॉडेलइतकीच राहील याची हमी देत नाही. त्यासाठी मूळ आणि स्केल केलेलं मॉडेल एकाच कोनांमधून फिरवून प्रत्येक स्नायूची सापेक्ष लांबी ताडून बघा. जिथे फरक मोठा तिथे तंतू आणि टेंडन पुन्हा जुळवा. खुबा १५ अंश चुकीचा असेल तर हे सगळं वाया जाईल, म्हणून ते शेवटी.

ताकदीबद्दल: साधं स्केलिंग स्नायूचं कमाल बल बदलत नाही. ७१ किलोच्या व्यक्तीला ७५ किलोच्या मॉडेलचे स्नायू मिळालेले आहेत, तेव्हा कमी पडण्याचं कारण सहसा नाही. उलट गुडघेदुखीत मांडीचे पुढचे स्नायू खरोखरच अशक्त असू शकतात, आणि ते डायनॅमोमीटरवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मोजता येतं. मोजलं तर त्या गटापुरता गुणक लावा. दुखण्यामुळे जोर न लावलेल्या चाचणीला मात्र ताकद समजू नका.

एमआरआय कधी? मांडीचं हाड पिळलेलं असण्याची शंका असेल, खुबा जन्मतः उथळ असेल, सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल असेल, शस्त्रक्रियेने हाड कापून बसवलेलं असेल, तेव्हा प्रौढ पुरुषाचं हाड लहान-मोठं करून काम होत नाही. तेव्हा काढाच. पेल्व्हिसच्या वरच्या कडेपासून पावलापर्यंत काढा, आणि कातडीवर मार्करांच्या जागी एमआरआयमध्ये दिसणाऱ्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल चिकटवा. त्याशिवाय स्कॅन आणि मार्कर एकमेकांना ओळखणार नाहीत. आडवं झोपल्यावर मांस आणि पोट सरकतं हे धरून चाला, आणि हाडं वेगळी करायला तास नाही, दिवस लागू शकतात हेही.

फक्त गुडघ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागात भार कसा वाटला जातो एवढंच हवं असेल तर मी एमआरआयच्या आधी उभ्याने काढलेला पूर्ण पायाचा एक्स-रे मागेन. खुबा ते घोटा रेषेपासून गुडघा किती बाहेर आहे ते त्यात दिसतं. मांडी ३८ आणि नडगी ३७ सेंटिमीटर धरली तर प्रत्येक अंशामागे गुडघा साधारण ३ मिलिमीटर सरकतो. ४ अंश बाहेर वाकलेला पाय म्हणजे १३ मिलिमीटर, आणि ७०० न्यूटनवर ९ न्यूटन-मीटर. मूळ मॉडेलचा पाय सरळ असतो. हा आकडा त्यात न घालता आतल्या भागाचा भार छापणं मला पटत नाही.

तर क्रम असा ठेवा: रिझर्व्हचा ऑप्टिमल फोर्स, फोर्स प्लेट, एएसआयएस पुन्हा मोजणे, आभासी केंद्रांवरून स्केलिंग, मग उभ्या स्थितीचा दुसऱ्या पायरीचा एरर. पहिली दोन कामं एका तासाची आहेत.

उत्तर आल्यावर ते खरं वाटतं का, याला दोन कसोट्या. कृत्रिम गुडघ्यात सेन्सर बसवून मोजलेलं सपाट चालण्यातलं कमाल बल शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास येतं. असं मोजलेलं साहित्य ऑर्थोलोड या संकेतस्थळावर खुलं आहे. तुमच्याकडे पाच पट येत असेल तर कुठेतरी दोन स्नायू एकमेकांविरुद्ध ओढताहेत. दुसरी, ईएमजी (स्नायूंच्या विद्युत संकेतांची नोंद) असेल तर स्नायू कधी सुरू आणि कधी बंद होतात ते ताडा. संकेताची उंची जुळवत बसू नका.

आणि शेवटचं काम लोक टाळतात: खुब्याचं केंद्र मुद्दाम १ सेंटिमीटर पुढे, मागे, वर आणि खाली सरकवून चारदा पुन्हा चालवा. गुडघ्याच्या भाराचा आकडा जेवढ्या पट्ट्यात हलतो, तेवढी तुमच्या मॉडेलची खरी अचूकता. उपचाराआधी आणि नंतरचा फरक त्या पट्ट्यापेक्षा कमी असेल, तर तो फरक रुग्णाचा आहे की मार्करचा, हे या मॉडेलवरून सांगता येणार नाही.